रेग्युलेटर नक्की कुठलं प्रेशर मोजतोय?

१३ सप्टेंबर २०१८ रोजी दुपारी चारच्या सुमाराला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर या एकमेकांना लागून असलेल्या गावांमध्ये घरांना भराभर आगी लागू लागल्या. काही घरांत स्फोट झाले. पाइपातून येणारा गॅस नेहमीच्या कितीतरी पट प्रेशरने घराघरात घुसत होता. १३१ इमारतींचं नुकसान झालं, २२ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि अठरा वर्षांचा एक मुलगा दगावला.

झालं होतं असं. तिथली कोलंबिया गॅस ही कंपनी जुने बिडाचे पाइप बाद करून प्लॅस्टिकचे टाकत होती. घरांकडे जाणाऱ्या या लाइनमध्ये प्रेशर असायचं जेमतेम अर्धा पीएसआय (दर चौरस इंचाला अर्धा पौंड), म्हणजे नळीत साधारण ३५ सेंटिमीटर पाणी उचलून धरेल एवढंच. मागून येणारा गॅस मात्र ७५ पीएसआयचा. मधे होतं ते प्रेशर उतरवून ठरलेल्या आकड्यावर ठेवणारं रेग्युलेटर स्टेशन. पुढच्या लाइनमध्ये किती प्रेशर आहे हे रेग्युलेटरला कळावं म्हणून बारीक नळ्या, म्हणजे सेन्सिंग लाइन, बिडाच्या पाइपाला जोडलेल्या होत्या. त्या दिवशी कामगारांनी बिडाचा पाइप चालू लाइनपासून तोडला. सेन्सिंग लाइन नव्या पाइपावर हलवायला हव्या होत्या, पण कामाच्या कागदांत त्यांचा उल्लेखच नव्हता. बाद झालेल्या पाइपातलं प्रेशर उतरत गेलं. रेग्युलेटरने ते उतरतं प्रेशर पाहिलं आणि जे करायचं तेच केलं: व्हॉल्व्ह उघडला, आणखी उघडला, पूर्ण उघडला.

म्हणजे रेग्युलेटर बिघडलेला नव्हताच. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडच्या कारखान्यांतही ‘रेग्युलेटर खराब झाला’ म्हणून काढून टाकलेल्या नगांपैकी कितीतरी नग धडधाकट असतात. ते चुकीच्या जागी बसवलेले असतात, चुकीच्या मापाचे असतात किंवा त्यांना चुकीचं प्रेशर दाखवलं जात असतं.

आत काय असतं ते एकदा नीट पाहू. वरच्या टोपीत स्प्रिंग, तिच्याखाली रबराचा पडदा म्हणजे डायफ्रॅम आणि डायफ्रॅमला जोडलेला छोटा व्हॉल्व्ह. स्प्रिंग व्हॉल्व्ह उघडायला बघते, पुढच्या बाजूचं प्रेशर डायफ्रॅमला उचलून तो बंद करायला बघतं. डायफ्रॅमचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर आहे आणि आपल्याला पुढे दोन किलो प्रेशर हवंय असं धरा (आपल्या शॉपवर ‘किलो’ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो). तर स्क्रू आवळून स्प्रिंगला १०० किलोचा दाब द्यावा लागेल. पुढचं प्रेशर दोनच्या खाली आलं की स्प्रिंग जिंकते आणि व्हॉल्व्ह उघडतो, दोनच्या वर गेलं की डायफ्रॅम जिंकतो आणि व्हॉल्व्ह मिटतो. घरातल्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटरही याच तत्त्वावर चालतो. सिलिंडरमधलं प्रेशर उन्हाळ्या-हिवाळ्यात कितीही बदललं तरी शेगडीला तो साधारण ३० मिलिबारच देतो.

या साध्या रचनेतूनच काही गोष्टी ओघाने येतात आणि त्यांना बिघाड समजलं जातं. व्हॉल्व्ह जास्त उघडायचा तर स्प्रिंगला पसरावं लागतं. पसरलेल्या स्प्रिंगचा जोर कमी पडतो, म्हणून हवेची मागणी वाढली की पुढचं प्रेशर थोडं घसरतंच. मशीन थांबल्यावर व्हॉल्व्ह घट्ट मिटवायला थोडा जादा जोर लागतो, म्हणून तेव्हा प्रेशर सेटिंगच्या किंचित वर जाऊन थांबतं. याला लॉक-अप म्हणतात. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. पण मशीन बंद असताना स्क्रू फिरवून सहा किलो लावायचे आणि मशीन सुरू झाल्यावर ‘प्रेशर पडतंय’ म्हणून पुन्हा आवळायचा, हे रोज चालतं. सेटिंग करायचं ते हवा वाहत असताना.

आणखी एक गंमतीचा भाग आहे, जो गॅस कटिंगवाल्यांना अनुभवाने माहीत असतो. ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा होत आला की साध्या, एका टप्प्याच्या रेग्युलेटरमधून पुढे जाणारं प्रेशर कमी होण्याऐवजी वाढतं. मागचं प्रेशरही व्हॉल्व्हला मिटवायला मदत करत असतं, ती मदत सिलिंडर उतरताना कमी होत जाते. व्हॉल्व्ह ज्या कडेवर टेकून मिटतो त्या सीटचं क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर आणि डायफ्रॅमचं ५० असेल, तर सिलिंडर १५० किलोवरून ५० वर येईपर्यंत पुढचं प्रेशर एक किलोने चढतं. दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये हा चढ जवळजवळ जाणवत नाही. ऑक्सिजनचा विषय निघालाच आहे तर सांगतो: त्याच्या रेग्युलेटरला तेल, ग्रीस, तेलकट हातमोजे यांचा स्पर्शही नको. सिलिंडर उघडण्याआधी रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करायचा, एका बाजूला उभं राहायचं आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. झटक्यात उघडला तर पुढे कोंडलेला ऑक्सिजन दाबला जाऊन इतका तापतो की आतला रबर पेट घेऊ शकतो. यात कुणी सवलत घेऊ नये.

आता बसवण्याचं. बाण पाहून बसवणं सगळेच करतात. राहून जातं ते लाइन ब्लो करणं. नव्या पाइपात आटे पाडल्याचा चुरा, वेल्डिंगचा कीस, गंज असतो आणि पहिल्याच झोतात तो थेट सीटवर जाऊन बसतो. त्यामुळे रेग्युलेटर लावायच्या आधी लाइन मोकळी फुंकून घ्यायची आणि मागे फिल्टर ठेवायचा. टेफ्लॉन टेपही पहिला-दुसरा आटा सोडून गुंडाळायची. टेपचा सुटलेला तुकडा सीटखाली अडकला की नवाकोरा रेग्युलेटर पहिल्या दिवसापासून गळतो.

वाफेच्या लाइनवर काळजी दुप्पट. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये काय किंवा साखर कारखान्यात काय, दहा किलोची वाफ तीनवर आणली की तिचं आकारमान अडीचपटीहून जास्त होतं. म्हणून पुढचा पाइप मागच्यापेक्षा मोठा लागतो. व्हॉल्व्ह मात्र पाइपाच्या मापाचा घ्यायचा नाही, तर वाफेची खरी गरज पाहून घ्यायचा. दोन इंची लाइन आहे म्हणून दोन इंची व्हॉल्व्ह घातला की तो गरजेपेक्षा मोठा ठरतो, जेमतेम केसभर उघडून काम करतो आणि सतत थडथडत राहतो. त्यातच वाफेत पाण्याचे थेंब असतील तर त्या अरुंद फटीतून ते भन्नाट वेगाने जातात आणि कठीण स्टीलच्या सीटमध्येही चर पाडतात. अशी सीट हातात घेऊन उजेडात धरली तर कडेला सुईने ओरखडल्यासारखी बारीक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे कायमची गळती. यावर उपाय रेग्युलेटरच्या मागे आहे: वाफेतलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर आणि ते पाणी बाहेर सोडणारा, चालू स्थितीतला ट्रॅप.

सेन्सिंग लाइन कुठे जोडायची हा प्रश्न लॉरेन्समध्ये जीवघेणा ठरला, आपल्याकडे तो बहुतेक वेळा नुसता तापदायक असतो. व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, एल्बोजवळ किंवा पाइप रुंद होतो तिथे प्रवाह उसळता असतो. तिथलं प्रेशर खरं नसतं. सरळ पाइपावर, पाइपाच्या व्यासाच्या निदान दहापट अंतरावर जोड घेतला की रेग्युलेटर शांत होतो. आणि त्या नळीवर बंद करता येण्याजोगा कॉक असेल तर तो उघडा आहे ना हे पाहायचं, शक्य तर उघडाच सीलबंद करायचा. लाइन बदलायचं काम निघालं की पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: सेन्सिंग कुठून आहे?

लॉरेन्सच्या स्टेशनवर एकामागे एक दोन रेग्युलेटर होते. पहिला फसला तर दुसऱ्याने सांभाळायचं, अशी योजना. पण दोघांच्याही सेन्सिंग लाइन त्याच बाद पाइपावर होत्या. त्यामुळे दोघे एकाच वेळी, एकाच दिशेने फसले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत नेमकं यावर बोट ठेवलं. जोडीचा बंदोबस्त वेगळ्या तत्त्वाचा हवा: जादा प्रेशर बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह किंवा प्रेशर चढताच लाइन धाडकन बंद करणारा शटऑफ. आपल्याकडे रिलीफ व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याच्या तोंडाला प्लग मारलेला पाहिला की अंगावर काटा येतो. गळणारा रिलीफ बहुतेकदा खरंच सांगत असतो की त्याच्या मागचा रेग्युलेटर मिटत नाहीये.

तक्रार आली की स्क्रूला हात लावण्याआधी दोन गेज पाहा, मागचा आणि पुढचा. प्रेशर पडतंय आणि मागचा गेजही पडलाय, तर दोष कॉम्प्रेसरचा, तुंबलेल्या फिल्टरचा किंवा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हचा. मागचा ठाम आहे आणि फक्त पुढचा पडतोय, तर रेग्युलेटर लहान पडतोय किंवा आतली जाळी चोंदली आहे. मग पुढचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पुढच्या गेजकडे थोडा वेळ बघत राहा. काटा किंचित चढून थांबला तर ते लॉक-अप, ठीक आहे. काटा थांबायचं नावच घेत नाही, हळूहळू चढतच राहतो, तर सीटवर घाण आहे किंवा सीट कट झाली आहे. टोपीच्या भोकातून एकसारखी हवा येत असेल तर डायफ्रॅम फाटला असण्याची शक्यता मोठी. मात्र हवेच्या ज्या रेग्युलेटरमध्ये जादा प्रेशर सोडायची सोय असते, तिथे खराब सीटमुळेही त्याच भोकातून हवा येते, हे लक्षात ठेवून मगच सुटे भाग मागवा. कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर बर्फाने माखून अडकत असेल तर तो बदलू नका. प्रेशर उतरताना हा वायू खूप थंड होतो, त्याला हीटर हवा.

टोपीवरचं ते बारीक भोक फार दुर्लक्षित आहे. डायफ्रॅम वर-खाली होतो तेव्हा टोपीतली हवा त्यातूनच आत-बाहेर होते. रंगारी अख्ख्या पाइपलाइनबरोबर रेग्युलेटरही रंगवतो आणि भोक बुजतं. उघड्यावर बसवलेल्या रेग्युलेटरच्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर बांधते. भोक बुजलं की आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी वागू लागते, रेग्युलेटर सुस्त होतो, सेटिंग भरकटतं आणि डायफ्रॅम, स्प्रिंग, सीट सगळं बदलूनही दोष जात नाही. भोकाचं तोंड खाली ठेवायचं, त्याला बारीक जाळी लावायची आणि रंगकामाआधी त्यावर चिकटपट्टी मारून काम संपल्यावर ती आठवणीने काढायची. शिवाय प्रत्येक रेग्युलेटरला एक पत्र्याची चिठ्ठी अडकवावी. तिच्यावर तारीख, हवा वाहत असतानाचं सेटिंग आणि लॉक-अपचा आकडा लिहावा. पुढच्या तपासणीत लॉक-अपचा आकडा वाढलेला दिसला, तर सीट झिजायला लागली आहे. ती पुढच्या सुट्टीच्या दिवशी बदलता येते, उत्पादन चालू असताना नाही.