टॅटिंग

शटल या होडीच्या आकाराच्या लहानशा साधनावर गुंडाळलेल्या धाग्याने गाठी मारून लेस तयार करण्याच्या हस्तकलेस टॅटिंग म्हणतात. फ्रेंचमध्ये ती फ्रिव्होलिते, तर जर्मनमध्ये ओकी या नावाने ओळखली जाते. रुमालाची कडा, झबल्याची लेस आणि तबकात किंवा फुलदाणीखाली अंथरण्याची वर्तुळाकार जाळीदार डॉयली हे तिचे परिचित नमुने होत.

टॅटिंगची प्रत्येक गाठ परस्परांची प्रतिबिंबे असलेल्या दोन अर्ध्या गाठींची बनलेली असते. शटल सतत फिरत असल्यामुळे गाठ शटलच्या धाग्याची पडते असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात शटलचा धागा ताणून धरताच वळसा त्याच्यावरून निघून डाव्या हाताच्या बोटांभोवती ढिल्या ठेवलेल्या धाग्यावर जातो आणि शटलचा धागा गाभ्यासारखा सरळ आत राहतो. वळसा असा उलटला नाही तर गाठ जागीच आवळते, गाभा सरकत नाही आणि गाठींची ओळ वळवून केलेली कडी बंद होत नाही. नवशिक्यांचा बराचसा वेळ याच एका हालचालीत जातो. गाठींच्या मध्ये सोडलेल्या फाशांना पिको म्हणतात; शोभेइतकाच त्यांचा उपयोग शेजारच्या कड्या एकमेकींत जोडण्यासाठी होतो.

या कलेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही लेखक तिची परंपरा नाविकांच्या गाठकामाशी किंवा पश्चिम आशियातील ओया या कडांच्या लेसशी जोडतात, परंतु हे साम्य मुख्यतः दिसण्यापुरते आहे. अधिक प्रचलित मतानुसार सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय उच्चवर्गीय स्त्रियांचे ‘नॉटिंग’ हे टॅटिंगचे पूर्वरूप होय. इंग्लंडची राणी दुसरी मेरी (कारकीर्द १६८९–९४) घोडागाडीतून जातानाही नॉटिंग करीत असे, असा उल्लेख समकालीन काव्यात आढळतो. इंग्लिश चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्झ याने सुमारे १७६० मध्ये रंगविलेल्या अल्बमार्लच्या काउंटेसच्या व्यक्तिचित्रातही तिच्या हाती शटल आहे. तथापि नॉटिंगमध्ये धाग्यावर ओळीने गाठी मारून दोरी तयार करीत व ती पुढे कापडावर टाचत; त्यात कड्या नसत. त्याचे शटलही मोठे असून त्याची टोके उघडी असत, तर टॅटिंगच्या शटलची टोके जवळजवळ चिकटलेली असतात. त्यामुळे साधनाचा वारसा मान्य करूनही, सरकत्या गाभ्यावर कडी आवळण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

आरंभीच्या नमुन्यांत कड्या सुट्या करून नंतर शिवल्या किंवा बांधल्या जात. एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर हिचे टॅटिंगवरील पुस्तक १८५० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले, आणि त्याच सुमारास पिकोमधून धागा ओढून कड्या थेट जोडण्याची रीत रूढ होऊ लागली. दुसऱ्या धाग्याच्या साहाय्याने कमानी, म्हणजे कड्यांना जोडणाऱ्या गाठींच्या वक्र ओळी, विणण्याची पद्धत साधारणपणे १८६० नंतरची समजली जाते. म्हणूनच कमानी असलेला नमुना त्याआधीचा सांगितला गेल्यास तो तपासून घ्यावा लागतो. तेरेझ द दिलमाँ हिच्या १८८६ च्या सुईकामकोशात या कलेस स्वतंत्र प्रकरण आहे. रुमानियाची राणी एलिझाबेथ ही टॅटिंगच्या नामवंत जाणकारांपैकी एक होती.

कमानींमुळे मध्यापासून फेरीमागून फेरी वाढत जाणारी डॉयली विणणे सोपे झाले. त्यासाठी चांगला पीळ असलेला मर्सराइज्ड (रासायनिक प्रक्रियेने गुळगुळीत व चकचकीत केलेला) सुती धागा वापरतात, कारण त्यावर गाठी सहज सरकतात. क्रोशाकाम एका ओढीत उसवता येते, टॅटिंगची आवळलेली कडी मात्र सुईच्या टोकाने एकेक गाठ सैल करूनच सोडवावी लागते. छंद म्हणून तिचे मोठे आकर्षण म्हणजे सर्व साहित्य पर्समध्ये मावते आणि काम कोठेही थांबवता येते. भेट द्यायची डॉयली धुऊन, टाचण्यांनी ताणून वाळवतात व हलकी खळ देतात. ही पायरी वगळल्यास नक्षीदार कामही चुरगळलेले दिसते. लांब सुईवर गाठी ओवण्याची पर्यायी पद्धत शिकण्यास सोपी आहे, परंतु तिची वीण काहीशी सैल येते.

मराठीतही ही कला टॅटिंग याच नावाने ओळखली जाते व क्रोशाकामाच्या जोडीने केली जाते. मिशनऱ्यांच्या प्रेरणेने दक्षिण भारतात वाढलेल्या लेसउद्योगाशी तिचा संबंध लावताना सावधगिरी हवी, कारण नागरकोइलची लेस बॉबिनची (धागा गुंडाळलेल्या अनेक लहान रिळांनी विणलेली), तर नरसापूरची क्रोशाची आहे.