कुडचीचं वांगं आणि संगणकातलं जनुक

सिंथेटिक बायॉलॉजी, म्हणजे जनुकं आराखड्याप्रमाणे नव्याने रचण्याचं शास्त्र; त्याच्या इतिहासात अमेरिकेतल्या प्रयोगशाळा येतातच. बेळगावकडच्या माणसाने मात्र सुरुवात वांग्यापासून करावी.

धारवाडच्या कृषी विद्यापीठाने बीटी वांग्यासाठी (जनुक बदललेल्या वांग्यासाठी) जी स्थानिक वाणं घेतली, त्यांत बेळगाव जिल्ह्यातल्या कुडचीचं वांगं होतं. शिवाय रबकवी, उडुपीचं गुळ्ळ आणि मांजरी गोटा. वांग्यांना सीमाप्रश्न नसतो. मातीतल्या जिवाणूचं जनुक घातलेल्या महिको या बियाणे कंपनीच्या वांग्याशी या वाणांचा संकर करायचा, म्हणजे फळ पोखरणारी अळी मरेल, असा बेत. २००९ मध्ये केंद्राच्या समितीने मंजुरी दिली. फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्री जयराम रमेश यांनी ती रोखली. अळीपेक्षा मोठा वाद पुढेच उभा राहिला: ही वाणं कुणाची? परवानगी न घेता ती वापरल्याचा आरोप ठेवून राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने २०१२ मध्ये धारवाडच्या कोर्टात खटला भरला. आधार २००२ च्या जैवविविधता कायद्याचा.

त्या भांडणात निदान रोप तरी हाती होतं. सिंथेटिक बायॉलॉजीत त्याचीही गरज उरत नाही. जनुकांचा आराखडा संगणकावर आखायचा, तसा डीएनए रसायनांतून बनवून घ्यायचा, पेशीत घालून बघायचा, चुकलं तर आराखडा बदलायचा. २००० मध्ये अशी जनुकांची पहिली 'सर्किटं' ई. कोलाय जिवाणूत चालली. २००२ मध्ये, आधीच प्रसिद्ध असलेल्या जनुकीय अक्षरांच्या क्रमावरून पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत तयार झाला आणि भलत्या हातांची भीती खरी वाटू लागली. २०१० मध्ये, वांगं रोखलं त्याच वर्षी, अमेरिकी शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या गटाने सुमारे दहा लाख अक्षरांचा अख्खा जीनोम, म्हणजे जिवाचा पूर्ण जनुकसंच, जुळवून जिवाणूत चालवला.

शेतकऱ्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न मात्र हिवतापाच्या औषधाने दाखवला. आर्टेमिसिनिन एका चिनी झुडपातून मिळतं, ते शेतकरी पिकवतात. त्याचा कच्चा माल यीस्टकडून बनवून घेऊन सनोफी या औषध कंपनीने २०१३ मध्ये उत्पादन सुरू केलं. आपल्या सह्याद्रीत कर्करोगाच्या औषधासाठी नरक्या हे झाड बेसुमार तुटलं; तिथे यीस्टने काम केलं तर जंगल वाचेल, असंही म्हणता येतं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

जनुकाचा क्रम ई-मेलने जातो, त्याला जकातनाका नाही. म्हणून २०२४ मध्ये कोलंबियातल्या कॅलीच्या जैवविविधता परिषदेत एक निधी ठरला: असा क्रम वापरून कमावणाऱ्या कंपन्यांनी त्यात भर घालावी, निम्मा तरी वाटा मूलनिवासी व स्थानिक समुदायांना जावा. भरणा ऐच्छिक. आणि कुडचीचा भाजीवाला शेतकरी 'स्थानिक समुदाय' ठरतो का, हे कोण ठरवणार?