पेंग्विन अंडं टाकून जातो तेव्हा

अंटार्क्टिकात मे-जून म्हणजे ऐन हिवाळ्याचं तोंड. सम्राट पेंग्विनची मादी साधारण साडेचारशे ग्रॅमचं एकुलतं एक अंडं घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्राची वाट धरते. नर पुढचे दोन महिने ते पोटाच्या घडीखाली धरून उभा. वसाहतीत आल्या दिवसापासून त्याच्या पोटात मासा गेलेला नसतो. सगळा हिशेब धरला तर हा उपास ११५ दिवसांच्या आसपास जातो. राणीच्या बागेतल्या हंबोल्ट पेंग्विनचाच हा भाऊबंद, पण त्याच्या नशिबी माशांची बादली नाही.

उपासाला बसताना नराचं वजन ३८ किलोच्या घरात असतं. पहिल्या टप्प्यात यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, काही दिवसांतच आटतं. ते जास्त साठवून का ठेवत नाही? कारण ग्लायकोजेन आपल्यासोबत भरपूर पाणी बाळगतं, म्हणजे ओझं जास्त आणि ऊर्जा कमी. चरबीच्या एका ग्रॅममधून मात्र ९ किलोकॅलरी मिळतात, वर ती जळताना थोडं पाणीही तयार होतं.

मग सुरू होतो लांबलचक दुसरा टप्पा. जवळजवळ सगळा खर्च चरबीवर, स्नायूंना धक्का जेमतेम. खर्चही आवळलेला: हालचाल बंद, आणि शेकडो नर एकमेकांना खेटून उभे. या घोळक्यात कधीकधी तापमान ३७ अंशांवर जातं. बाहेर हाडं गोठवणारा वारा आणि आत उकाडा! मग घोळका फुटतो, पक्षी जरा गार होतात, पुन्हा खेटतात. पिल्लू आईच्या आधी बाहेर आलंच, तर हा उपाशी बाप अन्ननलिकेतून दह्यासारखा स्राव काढून त्याला भरवतो. मला तरी या सगळ्या कहाणीत याच गोष्टीचं सर्वांत नवल वाटतं.

पण मादीला फारच उशीर झाला तर? वजन २३-२४ किलोवर आलं की तिसरा टप्पा लागतो. घराचे वासे काढून चूल पेटवावी तशी स्नायूंमधली प्रथिनं वेगाने जळू लागतात. फ्रेंच शास्त्रज्ञ इव्हाँ ल माओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपासाचे हे टप्पे बारकाईने अभ्यासले. प्रथिनं जळायला लागली की रक्तात कॉर्टिकोस्टेरोन हे संप्रेरक वाढतं आणि इतके दिवस पुतळ्यासारखा उभा असलेला पक्षी अस्वस्थ होऊन चालू लागतो. उपाशी उंदीरही याच टप्प्यावर एकाएकी धावपळ करू लागतात.

नर अंडं तिथंच टाकतो आणि निघतो. त्याला निर्दयी म्हणण्यात अर्थ नाही. समुद्र कित्येक किलोमीटर लांब असतो, आणि तिथवर चालत जाण्यापुरती चरबी त्याच्या अंगावर अजून असते.