जाहिरातीतली थट्टा आणि बातमीतला बनाव

1 एप्रिल 1996 च्या सकाळी अमेरिकेतल्या मोठ्या दैनिकांत एक पानभर जाहिरात लागली. टाको बेल या खाद्यसाखळीने फिलाडेल्फियाची ऐतिहासिक लिबर्टी बेल विकत घेतलीय, तिचं नाव यापुढे 'टाको लिबर्टी बेल', आणि हे सगळं देशाचं कर्ज कमी व्हावं म्हणून! घंटा सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसचे फोन खणखणत राहिले, लोक खवळले. दुपारी कंपनीने एप्रिल फूल असल्याचं सांगून टाकलं आणि घंटेच्या देखभालीसाठी 50,000 डॉलर दिले. व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांनी वर पुस्ती जोडली, की लिंकन स्मारकही विकलंय, फोर्ड कंपनीला.

ही झाली थट्टा. आता बनाव.

2 फेब्रुवारी 2024 ला मॉडेल-अभिनेत्री पूनम पांडेच्या इन्स्टाग्राम खात्यावर तिच्या निधनाची पोस्ट आली. कारण, गर्भाशयमुखाचा कर्करोग. पोस्टमध्ये ना रुग्णालयाचं नाव, ना अंत्यसंस्काराची वेळ. तरी बातमी सगळीकडे चालली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच व्हिडिओत आली: मी जिवंत आहे, हे जनजागृतीसाठी होतं.

दोन्हींत थाप आहे आणि दोन्हींना चर्चाच हवी होती, त्यामुळे लोक त्यांना एकाच माळेचे मणी समजतात. मला तसं वाटत नाही. टाको बेलने जागा पैसे मोजून घेतली होती. त्या पानावर विक्रेता बोलतोय, हे वाचणाऱ्याला दिसत होतं. फसलेला माणूस चिडला तर कंपनीवर चिडणार. बनावात मात्र बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर असते. तीच थाप बातमीदाराच्या तोंडून वदवून घेतली जाते, आणि उद्या शिव्या खायची वेळ आली की त्याही त्याच्याच वाट्याला येतात.

तारीख पाहून निवाडा करता येईल, असं वाटतं खरं. पण मार्च 2021 मधलं फोक्सवॅगनचं प्रकरण बघा. अमेरिकेतल्या शाखेचं नाव 'व्होल्ट्सवॅगन' होणार, अशी प्रेस नोट एप्रिलच्या दोन-तीन दिवस आधी बाहेर पडली. पत्रकारांनी सरळ विचारलं, की ही गंमत तर नाही ना? उत्तर मिळालं, नाही. मग कंपनीने गंमतच असल्याची कबुली दिली. 2015 मध्ये डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचण्यांत फसवणूक करताना पकडली गेलेली हीच कंपनी, त्यामुळे हसू जरा कमीच आलं.

माझ्या लेखी खरी कसोटी पत्रकार खात्री करायला फोन करतो, त्या फोनवर आहे. विचारल्यावर थट्टा करणारा फार तर हसून वेळ मारून नेतो. बनाव करणारा दुजोरा देतो. आणि मृत्यूच्या बातमीत दुजोरा मागायचा कोणाकडे? घरच्यांकडे, मॅनेजरकडे, अधिकृत खात्याकडे. म्हणजे डेस्कवरच्या उपसंपादकाने पडताळणी म्हणून ज्या दारावर थाप मारायची, त्याच दाराआड बनाव शिजत असतो. 'थांबा, रुग्णालयाकडून कळू दे' असं म्हणणारा एखादा असतोही, पण तोवर बाकीच्यांचे अलर्ट वाचकांच्या मोबाइलवर पोचलेले असतात. (घाई ही माध्यमांची स्वतःची चूक आहे, ती बनाव रचणाऱ्यावर ढकलता येणार नाही.)

पूनम पांडेच्या त्या मोहिमेत सहभागी जाहिरात संस्थेने नंतर माफी मागितली. त्याच निवेदनात, या आजाराचं नाव देशात पहिल्यांदाच हजाराहून जास्त मथळ्यांत आलं, असंही ऐकवलं. वास्तविक पोस्टच्या आदल्याच दिवशी अंतरिम अर्थसंकल्पात 9 ते 14 वयाच्या मुलींना या कर्करोगावरची लस देण्याला प्रोत्साहनाची घोषणा झाली होती. खरी बातमी समोर तयार होती. ते हजार मथळे मात्र एका बाईच्या मरणाचे होते, आणि दुसऱ्या दिवशी डेस्कवर बसून कोणीतरी ते बदलत होतं.