ग्रामीण स्वयंसेवी अग्निशमन (ठाणे जिल्हा)

शहापूर, मुरबाड, भिवंडी तालुक्यांतील गावपाड्यांत पगारी दलाविना गावकऱ्यांनीच आग विझवण्याची रीत. फिलाडेल्फियात १७३६ साली निघालेल्या स्वयंसेवी दलाला सभासद होते, नियम होते. ठाण्याच्या पाड्यांवर हाक ऐकू आली की निघायचे, एवढीच संघटना.

घराला कारवीचा कूड, वर पेंढ्याचे छप्पर. एक घर पेटले की पाडाच धोक्यात. म्हणून पेटलेल्या घरापेक्षा शेजारचे छप्पर आधी ओढून काढत आणि गुरांची दावी सोडत.

डोंगरावरचा वणवा वेगळा. वन खात्याच्या लेखी त्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. नेमक्या याच काळात विहिरी तळ गाठतात. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा-भातसाच्या शहापुरातही उन्हाळ्यात टँकर येतात, त्यामुळे वणवा पाण्याने विझवणे हा विचारच नव्हता. हिरव्या डहाळ्यांनी, जळून गेलेल्या बाजूने पुढे सरकत, ज्वाळा झोडपून काढतात. आग चढावर वेगाने पळते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कोणी थांबत नाही. वारा पडल्यावर, रात्री किंवा पहाटे, काम हलके होते. हंगामाआधी गवत कापून-जाळून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढणे हा यातला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कंटाळवाणा भाग. समोरून उलटी आग सोडण्याचा, म्हणजे वणव्याच्या वाटेतले गवत आधीच जाळून टाकण्याचा, उपायही आहे, पण तो जाणत्यांनीच करावा.

वणव्याचे एक कारण शेतातलेच: भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा व फांद्या जाळून जमीन भाजणे, म्हणजे राब. राबाच्या फांद्यांवर निर्बंध आल्यावर ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत असंतोष माजला. मुंबई सरकारच्या वन आयोगाने १८८७ मध्ये त्यावर अहवाल दिला. आग विझवणे मात्र गावाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. भारतीय वन अधिनियम, १९२७च्या कलम ७९ने राखीव वा संरक्षित वनात चराई-लाकडाचा हक्क असणाऱ्यांवर वणव्याची खबर देणे व तो विझवणे बंधनकारक केले. हक्क आखडते घ्यायचे आणि कर्तव्य पुरते वसूल करायचे, असा हा व्यवहार. वनहक्क कायद्याने (२००६) ग्रामसभेला सामूहिक वनाच्या रक्षणाचा अधिकार दिला, तेव्हा तो थोडा सरळ झाला.

संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हा नगरपालिकांचा विषय आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत तो नाही. त्यामुळे गाव महापालिकेत गेले की बंब हक्काचा होतो. नवी मुंबईतील जुन्या गावठाणांचे तसेच झाले, पण अरुंद गल्लीत बंब अडला की तिथेही पहिल्या बादल्या शेजाऱ्यांच्याच असतात.