भोकरी, अनाबेशाही, साहेबी : कोणतं द्राक्ष कशासाठी

पेटी उघडून पहिला मणी तोंडात टाकण्याआधी हे पान वाचावं, ही विनंती.

गेल्या हंगामात आम्ही भोकरीच्या पेट्या पहिल्यांदाच थेट घरपोच दिल्या. सोबत चिठ्ठीसुद्धा टाकली नाही. दोन दिवसांत फोन सुरू झाले. "दादा, यात बी आहे." "साल जाड लागते हो." "आंबट आहेत, अजून पिकायची होती का?" चूक आमची होती. द्राक्ष म्हणजे हिरवं, लांबट, बिनबियांचं आणि साखरेसारखं गोड, हीच सवय गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपल्या सगळ्यांच्या जिभेला लागली आहे. भोकरी त्यातली नाही. तिचं काम वेगळं आहे, आणि ते आधी सांगायला हवं होतं.

नाशिकमध्ये द्राक्ष आलं ते थॉमसन या बिनबियांच्या वाणाबरोबर नव्हे. त्याच्या कितीतरी आधी इथे भोकरी, फकडी, साहेबी, हबशी ही नावं होती. तेव्हा लोखंडी अँगल आणि तारांचे मांडव नव्हते. शेतात पांगारा लावायचा आणि त्याच्या आधाराने वेल वाढवायचा, अशी पद्धत होती. आमच्या घरातली म्हातारी माणसं अजूनही बांधावरच्या पांगाऱ्याकडे बोट दाखवून "इथं बाग होती" म्हणतात. त्या जुन्या वाणांसाठी आम्ही थोडी जागा राखली आहे. उत्पन्न बेताचंच निघतं, पण हे वेल आमच्या हातून जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

भोकरी

मणी फिकट हिरवा, पिकला की पिवळसर. सालीला जाडी, आत बिया, चव आंबटगोड. थॉमसनइतकी गोडी तिच्यात भरत नाही, म्हणून ताटलीत घेऊन नुसती खाल तर निराशा होईल. स्वयंपाकात मात्र आम्हाला तिच्यासारखं दुसरं द्राक्ष सापडलेलं नाही. बिनबियांचं द्राक्ष शिजवलं की त्याचा पाक होतो, नुसता गोडच गोड. भोकरी शिजूनही आंबटपणा टिकवते, आणि जाड सालीमुळे फोडी अख्ख्या राहतात.

आमच्याकडे तिचं रायतं होतं. पाव किलो मणी मधोमध कापून सुरीच्या टोकाने बिया काढायच्या. चमचाभर मोहरी थोड्या पाण्यात नाकाला झणका बसेपर्यंत फेसायची. त्यात मीठ, किंचित गूळ, हिरवी मिरची आणि घट्ट दही घालून मणी मिसळायचे. अर्धा तास तसंच ठेवा. द्राक्षाचं पाणी दह्यात उतरतं आणि मोहरीचा तिखटपणा खाली बसतो. मुरांबा करायचा तर मण्यांच्या वजनाच्या पाऊणपट साखर पुरते, वेलदोडा शेवटी. बागेत विरळणी करताना निघालेले कच्चे आंबट मणीही आम्ही मागणीनुसार देतो. त्यांचं लोणचं कैरीच्या मसाल्यात छान मुरतं, आणि आमटीत चिंचेऐवजी चार मणी ठेचून टाकले तर वेगळीच चव येते.

बियांबद्दल थोडं सांगायला हवं. बी हा द्राक्षाचा दोष नाही. मणी फुगवणारं संप्रेरक बीच तयार करतं. बी नसलं तर मणी आपोआप बारीकच राहतो, आणि म्हणून थॉमसनच्या बागेत घड जिब्रेलिक ॲसिड या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवावे लागतात. शेतकरी त्यालाच 'जीए' म्हणतात. भोकरीला त्याची गरज पडत नाही.

नुसतं खायला

अनाबेशाही हैदराबादकडून आपल्याकडे आली. मोठा, लांबट, मधासारख्या रंगाचा मणी, भरपूर रस, सौम्य गोडी. बिया आहेत, पण मोजक्या. दुपारी फ्रिजमधून काढून थंडगार खावी. शिजवू नका, वाया जाईल.

काळी साहेबी आम्हाला सगळ्यांत लाडकी. लांब, जांभळट-तांबूस मणी आणि दाट गोडी. वेलाला माल कमी येतो, त्यामुळे आमच्याकडे हंगामात थोड्याच पेट्या निघतात. तिचीच नातेवाईक पांढरी साहेबी. हिच्या रोपांमधून फळबागतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांनी पुण्यात गणेशखिंडीला 'सिलेक्शन ७' निवडलं, तेच चीमा साहेबी.

गुलाबीचा मणी लहान आणि बियांचा, पण पेटी उघडताच गुलाबाचा वास येतो. सरबताला हीच घ्या. बेंगलोर पर्पलचा मणी मात्र दाताने चावू नये. बोटांनी दाबला की गर सालीतून सुटून तोंडात येतो, साल टाकून द्यायची. रस आणि जेलीसाठी हे द्राक्ष उत्तम.

आणि थॉमसन? तिला आम्ही नावं ठेवत नाही. तासगावजवळ निवडलेला तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजचा सोनाका हे तिचेच वंशज, आणि घरातल्या लहानांसाठी तेच सोयीचे. फक्त पाच वर्षांखालच्या मुलाला कोणतंही द्राक्ष अख्खं देऊ नका. उभं चिरून, बी काढून द्या.

वाळवायला

'बेदाणा' या शब्दातच बिनबियांचा असा अर्थ आहे. म्हणून बेदाणा थॉमसनच्या घराण्याचा, आणि बियांचा वाळवला की मनुका. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा हाती येतो, भावाकडे बघताना एवढं लक्षात असू द्या. सालीवर मेणाचा थर असतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवले की तो सैल होतो, पाणी लवकर उडतं, आणि सावलीत रॅकवर वाळून बेदाणा हिरवट-पिवळा राहतो. द्रावणाशिवाय उन्हात वाळवलेला तपकिरी होतो. चवीला आम्हाला तो जास्त आवडतो, पण दिसायला मार खातो. दोन्ही ठेवतो.

वाइनबद्दल

"तुमच्या द्राक्षांची घरी वाइन होईल का?" असं दर हंगामात कुणीतरी विचारतं. खायच्या द्राक्षाची वाइन फिकी लागते. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉन या वाइनच्या वाणांचे मणी बारीक असतात, त्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग व तुरटपणा सालीतून येतो. ती द्राक्षं आमच्याकडे नाहीत, आणि वाइन आम्ही विकत नाही. द्राक्षासवासाठी मनुका नेणारे वैद्य मात्र आमचे जुने गिऱ्हाईक. त्यात धायटीची फुलं घालून आंबवतात, तेव्हा मनुका बियांसकट आणि द्रावणात न बुडवलेला असावा असा त्यांचा आग्रह असतो. तसा माल आम्ही वेगळा काढतो, आधी सांगा.

पेटी घरी आल्यावर

देठ हिरवा असेल तर घड ताजा. मण्यावरची पांढरी धूसर झाक म्हणजे औषध नव्हे, ते द्राक्षाचं स्वतःचं मेण. ते शाबूत असेल तर मणी टिकतो, म्हणून धुऊन ठेवू नका, खायच्या वेळीच धुवा. फुटका मणी दिसला तर लगेच काढून टाका, कूज त्याच्यापासूनच पसरते. गोडी तपासायची तर घडाच्या शेंड्याचा मणी खाऊन बघा. खांद्याचे, म्हणजे देठाजवळचे मणी आधी पिकतात, शेंड्याचे शेवटी. शेंडा गोड म्हणजे अख्खा घड गोड.

रिकामी पेटी पुढच्या फेरीला आमच्या मुलाकडे परत द्या.