इन्फंटाइल स्कोलिओसिस: तान्ह्या बाळाच्या पाठीचा बाक

तीन वर्षांच्या आतल्या बाळाचा कणा एका बाजूला वाकायला लागला आणि एक्सरेवर तो बाक १० अंशांच्या वर भरला की त्याला इन्फंटाइल स्कोलिओसिस म्हणतात. मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि बाक सहसा छातीच्या भागात डावीकडे. नेमकं कारण सापडत नाही. मणकेच जन्मतः अर्धवट बनलेले असतील तर ते प्रकरण वेगळं, त्यात किडनी आणि हार्टही तपासून घेतात.

सोलापुरात काय किंवा कुठंही काय, घरात हे कळतं ते तेल लावताना, बाळाला पायावर पालथं घेतलं की पाठीची एक बाजू जरा वर आलेली दिसते. मग आज्जी म्हणणार, "चालायला लागलं की होतंय सरळ." आणि बरेच बाक खरंच आपोआप जातात, त्यामुळं आज्जी पुष्कळदा बरोबर ठरते, पण कुठला जाणार आणि कुठला वाढणार हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, आणि वाट बघण्यात ऐन वाढीचे महिने निघून गेले तर ते भरून निघत नाहीत. मालिशनं बाक जात नाही, जोरात दाबायचं तर अजिबात नाही.

कुठला बाक वाढणार हे ओळखायची सोपी रीत लंडनच्या सर्जन मिन मेहता यांनी १९७२ मध्ये दिली. बाकाच्या ऐन मधल्या मणक्याच्या दोन्हीकडच्या बरगड्या किती तिरक्या आहेत ते एक्सरेवर मोजायचं आणि फरक काढायचा. हा फरक २० अंशांच्या आत असेल तर बाक बहुतेक सुटतो, वर गेला तर वाढायची भीती. बरगडीचं टोक मणक्याच्या सावलीवर चढलेलं दिसलं तर मात्र वाढणारच असं धरतात. लक्ष ठेवायचं म्हणजे साधारण ४ ते ६ महिन्यांनी एक्सरे, आणि दरवेळी बाळाची पोझिशन तीच हवी, एकदा झोपवून आणि एकदा बसवून काढलेल्या फिल्मची तुलना करण्यात अर्थ नाही. बाक २० अंशांच्या पुढं गेला की मज्जारज्जूत काही गडबड नाही ना म्हणून एमआरआय सांगतात.

वाढणाऱ्या बाकाला प्लास्टर कास्ट. भूल देऊन, खास फ्रेमवर बाळाला ताणून, कण्याचा पीळ उलटा फिरवत कास्ट घालतात आणि दर २-३ महिन्यांनी बदलतात. हे सगळीकडं होत नाही, त्यामुळं रात्रीची सिद्धेश्वर नाहीतर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून मुंबई-पुणे गाठायची वेळ येते, त्यात भुलीसाठी बाळ उपाशी ठेवायचं, म्हणजे आदल्या दिवशी जाऊन राहिलेलंच बरं. मेहतांच्याच २००५ च्या पेपरात दीड वर्षाच्या आसपास आलेल्या ९४ मुलांचे बाक पूर्ण गेले, उशिरा आलेल्या ४२ जणांचे कमी झाले पण गेले नाहीत.

खरा त्रास घरी. आंघोळ बंद, ओल्या फडक्यानं पुसून काढायचं, डायपरची कड कास्टच्या आत खोचायची, आणि सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे ४० च्या वर पारा, आत घाम, खाज, पुरळ. काही डॉक्टर म्हणूनच उन्हाळ्यापुरतं कास्ट काढून ब्रेस, म्हणजे काढता-घालता येणारा कडक पट्टा, देतात, आधी विचारून ठेवावं. खाजवायला आत पट्टी घालू नये. वास आला, बोटं निळी पडली किंवा उलट्या सुरू झाल्या तर लगेच दवाखाना.

कास्टनं नाही थांबलं तर ऑपरेशन करून कण्याला वाढणारे रॉड, म्हणजे बाळाबरोबर लांबी वाढवत नेता येणाऱ्या धातूच्या सळ्या, बसवतात. लहानपणी मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकत नाहीत, कारण मग छाती वाढत नाही आणि फुफ्फुसं अपुरी राहतात. सगळं सरळ झालं तरी वयात येताना उंची झपाट्यानं वाढते तेव्हा बाक परत डोकं वर काढू शकतो, म्हणून तोपर्यंत मधूनमधून दाखवत राहायचं.